ठकूबाईची हरकत

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला, पण हायकोर्टापर्यंत पोचलेला एवढा एकच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलं, आणि ते नेमकं प्रभागरचनेच्या नकाशावर चिकटवलं.

तेव्हा मी उपसरपंच होते. वय पन्नाशीला टेकलेलं, अक्कल त्याच्या निम्म्यानं. नववी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि ते गावाला दाखवायची हौस अशी, की कुणाची शेळी हरवली तरी सूचना मीच लिहायची. खळ घरी शिजवायची, मैद्यात चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कागदाला झुरळं लागत नाहीत. फळ्यावर कागदांची जत्रा होती. मुदत गेलेल्या निविदा, पोलिओचे डोस, कुणाचा तरी सापडलेला दाखला. मधोमध एक मोठा कागद होता, निळ्या-तांबड्या रेघांचा. मला वाटलं, जुन्या मोजणीचा असेल. मधली जागा चांगली दिसते म्हणून त्या कागदावर सगळीकडून खळ फासली आणि माझं जवळजवळ तेवढंच मोठं आमंत्रण ठोकलं. दोन्ही अंगांना रंगीत सुगडं काढली होती. लांब जाऊन, मान वाकडी करून मी ते दोनदा बघितलं होतं.

निवडणुकीच्या आधी गावाचे प्रभाग नव्यानं पाडतात. कच्चा नकाशा ठरलेले दिवस फळ्यावर लावायचा, लोकांनी तो बघायचा, ज्याला खुपेल त्यानं हरकत घ्यायची, साहेबांनी सुनावणी घ्यायची आणि मग तो पक्का व्हायचा. आमच्या गावानं ते सगळे दिवस हळदीकुंकू बघितलं. हरकत एकही आली नाही. मुदत संपल्यावर ग्रामसेवक कागद घेऊन घरी आले. "ताई, नकाशा मुदतभर फळ्यावर होता असा पंचनामा आहे. पंच म्हणून सही द्या." मी दिली. खाली रेघ ओढून, रेघेखाली दोन टिंबं देऊन.

या सगळ्यातून जी बाई माझ्या वाट्याला आली, तिच्याबद्दल लिहायचंय. ठकूबाई. ती मला कधी आवडली नाही, आणि मी तिला तर बघवतच नव्हते.

आमचं गाव डिंभ्याच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठी. वर माळावर चाळीसेक घरांची वाडी आहे. धरणात ज्यांची गावं गेली त्यांतली काही माणसं सरकारनं तिथं आणून बसवली. आम्ही त्यांना 'वरचे' म्हणायचो. माळ उंच होता म्हणून नव्हे, कुठून तरी वरून येऊन पडलेले म्हणून. ठकूबाई त्या वाडीची, 'माझं-तुझं'ला 'मपलं-तुपलं' म्हणणारी. काळी, उंच, हाडांची. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती, शर्ट मात्र नवे नवे निघायचे. मुलगा धरणाच्या पाण्यात जाळी टाकायचा आणि ही पाटीत चिलापी मासे घेऊन, वर ओलं पोतं टाकून, गावात विकायला यायची.

माणसाला नावानं हाक मारणं तिला माहीत नव्हतं. ज्याची जी खोट असेल ते त्याचं नाव. ग्रामसेवक प्रत्येक कामाला 'उद्या या' म्हणायचे, त्यांचं नाव 'उद्याबा'. माझे चुलतदीर आबा गावचे पुढारी, कुणाच्याही भांडणात मध्ये पडून दोघांनाही आपल्या उपकाराखाली घ्यायचे, त्यांचं नाव 'मधला'. मी पंचायतीत जाताना पावडर लावायची. मी लांबून दिसले की ती पाटी खाली न ठेवता म्हणायची, "आली पावडर." चार बायकांत, मोठ्यानं.

एकदा मी चारचौघींसारखी मासे घ्यायला गेले. आमचे सासरे माळकरी, पण माहेरून पाहुणे आले होते. मी पाटीतला एक उचलून विचारलं, "ह्याला काटे फार नसतात ना?" तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "तुला बिनकाट्याचा पायजे. त्यो धरनात न्हाई, बिस्कुटाच्या कारखान्यात मिळंल." आणि पोतं टाकून निघून गेली. विकणाऱ्यानं गिऱ्हाईक हाकललेलं मी पहिल्यांदा बघितलं.

पण आमचं वैर त्याहून जुनं. एका मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि बुडालेली गावं उघडी पडली. जोती, पायऱ्या, एका देवळाचा चौथरा. मी महिला मंडळाची सहल काढली. आम्ही नटूनथटून टेम्पोतून गेलो, एक छान सपाट जागा बघून सतरंजी टाकली आणि भेळ कालवायला घेतली. तेवढ्यात ही जाळं खांद्यावर टाकून चिखलातून आली आणि सतरंजीच्या कडेला थांबली.

"चपला काढा."

मी म्हटलं, "का हो? इथं देव आहे का?"

"मपलं सैपाकघर हाय."

आम्ही खिदळलो. मी तर सगळ्यांत जास्त. ती तिथंच उकिडवी बसली आणि आमच्याकडं बघत राहिली. शेवटी एकीनं चपला काढल्या, मग दुसरीनं काढल्या. मी काढल्या नाहीत. उपसरपंच होते ना. ती माझ्या पायांकडं बोट करून बाकीच्यांना म्हणाली, "हिला ऱ्हाऊ द्या. हिचं पाय लई मोठं झाल्यात." त्या वेळी मला राग आला होता. आता ती भेळ आठवली की मी पाय साडीखाली ओढून घेते.

तर पक्का नकाशा लागला. त्यातली रेघ ओढ्याच्या काठाकाठानं येऊन अचानक वाडीत शिरली होती आणि वाडीचे दोन तुकडे करून पलीकडं बाहेर पडली होती. अर्धी वाडी आमच्या प्रभागात, अर्धी पलीकडच्या. म्हणजे दोन्हीकडं नुसती शेपटं. अख्खी वाडी एका प्रभागात राहिली असती तर तिचा माणूस पंचायतीत आला असता. बसवल्यापासून तो कधी आला नव्हता, कारण प्रत्येक वेळी रेघ अशीच काहीतरी वळणं घ्यायची. वाडीला नळ नव्हता, पायवाटेला खडी नव्हती. ठकूबाई म्हणायची, "धरन आमच्या गावावर, आन् नळ तुपल्या दारात."

ती पंचायतीत आली तेव्हा मी होते. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, मुदतीत हरकत घ्यायची होती. कच्चा नकाशा लावला होता की फळ्यावर." ती फळ्याकडं गेली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. माझं आमंत्रण अजून तिथंच होतं. सुगडांवरचा रंग उन्हानं उडाला होता. आमंत्रणाच्या डाव्या कडेखालून बोटभर कागद बाहेर डोकावत होता, त्यावर निळी रेघ. ती रेघेला नाक लावून उभी राहिली.

"ह्यो आमचा वढा."

ग्रामसेवक म्हणाले, "कशावरून?"

"वळन वळखीचं हाय. ह्या वळनावर मपली म्हैस बसती."

ग्रामसेवकांनी घाईनं आमंत्रण ओढायला घेतलं. मोरचुदाची खळ ती, फाटायला लागलं. ठकूबाईनं त्यांचा हात बाजूला केला, कमरेची मासे साफ करायची सुरी काढली आणि फळ्याच्या लाकडावरून दोन्ही कागद एकत्र सोलून काढले. माशाची कातडी काढतात तसे, हळू, अखंड. पुढून हळदीकुंकू, मागून खळीनं भिजून पलीकडं उमटलेला नकाशा. गुंडाळी करून शर्टात घातली. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "झाकलंस व्हय. बरं झाकलंस."

आता इथं माझ्या मूर्खपणाचा खरा भाग येतो. गावात बोललं जाऊ लागलं की शालनवैनीनं, म्हणजे मी, मुद्दाम झाकलं, भावकीच्या जागा टिकाव्यात म्हणून. आबा घरी आले, मांडी ठोकून बसले, म्हणाले, "वैनी, डोकं म्हंजे डोकं! मला दहा मानसं लावून जमलं नसतं ते तुमी खळीवर केलं." बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. राजकारणी बाई! आणि खरं सांगते, मला ते आवडलं. येडी म्हणण्यापेक्षा कपटी म्हटलेलं बरं, असं वाटण्याचं ते वय असावं. आठ-पंधरा दिवस मी गूढ हसत हिंडले. आरशात ते हसू करूनही बघितलं.

वाडीनं जुन्नरच्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी ती गुंडाळी उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि सांगितलं की हायकोर्टात जाऊ, पण तो कागद कधी आणि कुणी चिकटवला हे ज्यानं चिकटवला त्यानंच लिहून दिलं तर जोर येईल. म्हणजे मी. पंचनाम्यावर सही करून 'नकाशा होता' म्हणणारी मीच, आणि 'दिसत नव्हता' म्हणून शपथेवर सांगणारीही मीच. आबा म्हणाले, "तुमी तोंड उघडायचं न्हाई. कागद लावला व्हता, सही हाय, विषय संपला."

मी वाडीवर निरोप पाठवला की मला यात पडायचं नाही. ठकूबाईचा उलटा निरोप आला, चहाला ये. मी गेले. का गेले ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा ती हात जोडेल आणि मी विचार करते म्हणेन, असं काहीतरी मनात असावं.

तिच्या अंगणात चुलीतल्या राखेची एक पांढरी रेघ मारलेली होती. ओट्यावरून निघून, दारातून, थेट मागच्या पडवीपर्यंत. नकाशातली रेघ तिच्या आणि मुलाच्या घरामधून गेली होती, ती तिनं जमिनीवर उतरवली होती. मला अलीकडं पोत्यावर बसवलं. चहाची कपबशी पलीकडं ठेवली, हात पोचणार नाही अशी.

मी म्हटलं, "ठकूबाई, चहा निवतोय."

"त्यो तीन नंबरात हाय. तू दोनात बसलीस."

"मग इकडं द्या ना."

"तशी देता येत न्हाई. मुदतीत हरकत घ्याया पायजे व्हती."

वाडीतल्या बायका हसल्या. पदर तोंडात कोंबून नाही, चांगल्या उघड्या तोंडानं. माझ्या देखत चहावर साय धरली. मी उठून आले, तर मागून तिचा आवाज, "जाताना रेघ पुसू नगंस. तुला चिकटवायची सवय हाय."

पुढच्या सकाळी ती आमच्या दारासमोरच्या पारावर येऊन बसली आणि मासे साफ करायला लागली. पार सार्वजनिक, बोलणार काय? गावातली सगळी मांजरं जमली. सासऱ्यांनी माळ हातात घेऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती माझ्याकडं बघायचीही नाही. चौथ्या दिवशी मी चपला न घालताच तरातरा गेले.

"काय पाहिजे तुम्हाला? मी खोटं सांगू का कोर्टात?"

तिनं खवले झटकले. "खोटं कशाला? तू येडी हायेस येवढंच सांग."

"मी?"

"मंग तू हुशार हायेस व्हय? तुला उमगलं तरी असतं का, कुठली रेघ कुठं जाती ती? तुला सुगडं काढायची व्हती. ह्ये समद्या वाडीला ठाव हाय. मधल्याला बी ठाव हाय, पर त्यो तुला हुशार म्हनतो, कारन त्याला ते फायद्याचं हाय. म्या तुला येडी म्हनते."

एक मांजर माझ्या पायाला अंग घासत होतं. गावात एवढ्या लोकांनी एवढ्या दिवसांत मला काय काय म्हटलं, पण मी हे मुद्दाम केलं नाही असं म्हणणारं माणूस एकच निघालं, आणि ते माझं सगळ्यांत वाईट चिंतणारं.

तालुक्याला जाऊन मी शपथपत्र केलं. वकीलबाईंनी लिहिलं, 'अनवधानाने'. ठकूबाईनं वाचून दाखवायला लावलं.

"अनवधान मंजी?"

"लक्ष नव्हतं, असं."

"लक्ष व्हतं की. सुगडं काढताना कसं व्हतं? येडेपना लिवा."

वकीलबाईंनी तो शब्द घातला नाही. ठकूबाईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

सुनावणीला मुंबईला वाडीची जीप गेली, त्यात मलाही घेतलं. मागच्या बाकावर, स्टेपनीशेजारी. मला गाडी लागली, तेव्हा ठकूबाईनं एक लिंबू पुढून मागं टाकलं, मान न वळवता. कोर्टात सगळं इंग्रजीत. आम्ही मागं उभ्या. सरकारी वकील पंचनामा दाखवत होते. मग न्यायमूर्तींनी ती जोडलेली पानं हातात घेतली, हळदीकुंकवाची बाजू बघितली, उलटून नकाशा बघितला, पुन्हा उलटून हळदीकुंकू बघितलं. अक्षर त्यांना आवडलं, असं मला त्याही वेळी वाटून गेलं. कपाळ माझं.

निकाल नंतरच्या तारखेला झाला. वकीलबाईंनी पारावर बसून सांगितला. कोर्ट म्हणतंय, कागद फळ्यावर असणं म्हणजे प्रसिद्ध होणं नव्हे, तो लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवा. ज्यांना बघायलाच मिळालं नाही, त्यांची हरकत नव्हती असं धरता येणार नाही. पक्की रचना रद्द. कच्चा नकाशा पुन्हा लावा, वाडीला ऐका, मग ठरवा. निवडणूक जाहीर व्हायच्या आत झालं म्हणून बरं, एकदा ती जाहीर झाली की कोर्टही सहसा हात घालत नाही, असंही त्या म्हणाल्या.

वाडीची माणसं टाळ्या वाजवत होती. ठकूबाईनं विचारलं, "आन् मपला कागद?"

"तो आता कोर्टाच्या दप्तरात राहणार, आजी."

"परत कवा देत्याल?"

"ते काही सांगता येत नाही."

"ह्ये तर उद्याबाच्या वरचं निघालं," ती म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली.

फेरसुनावणीला तिनं एकच गोष्ट केली. साहेबांना वाडीवर नेलं आणि रेघ जिथून जाते तिथून चालायला लावलं. साहेब तिच्या ओट्यावरून, चुलीला वळसा घालून, पडवीतल्या कोंबड्यांमधून मुलाच्या घरात निघाले. वस्ती फोडू नये असा नियमच आहे म्हणे. पण तो साहेबांना कागदावरून आठवला नव्हता, कोंबड्या पायात आल्यावर आठवला. वाडी अख्खी एका प्रभागात आली. आमची आळीही त्याच प्रभागात.

माझी भावकी मला अर्थात सोडणार नव्हती. आबांनी पॅनलमधून नाव काढलं. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्या पानावरून तीनदा पुढं गेला. मग मी काय करावं? अपक्ष उभी राहिले! हिशोब सोपा होता: वाडीसाठी मी भावकी तोडली, वाडी मला डोक्यावर घेईल. वाडीनं आपली एक सून उभी केली होती, तरीही मला असं वाटलं. घरोघर हिंडले, 'मी तुमच्यासाठी हायकोर्टात गेले' म्हणून सांगितलं. बायकांनी गोड हसून चहा दिला. तो प्रत्येक कप मी मत म्हणून धरला. माझ्या घरात मतं पाच. मशीनमधून निघाली चार. पाचवं कुणाचं, त्याचा शोध मी अजून घेते आहे. आमचे हे विषय निघाला की गोठ्यात जातात.

वाडीची सून निवडून आली. तालुक्याच्या कचेरीबाहेर गुलाल उडत होता. मी कडेला एकटी, पदरानं तोंड पुसत उभी. वाडीचा टेम्पो निघायच्या बेतात होता, तेवढ्यात ठकूबाई खाली उतरली आणि गर्दीतून सरळ माझ्याकडं आली. केसांत गुलाल, शर्टावर गुलाल, मूठ मिटलेली. सगळे बघायला लागले. मला वाटलं, ही मला गुलाल लावणार. मी कपाळ पुढं केलंसुद्धा.

तिनं मूठ उघडली नाही. तिला मी त्यानंतर पाहिलं नाही. त्याच पावसाळ्यात ती लेकीकडं राजुरीला गेली आणि तिकडंच वारली. कपाळ पुढं करून उभ्या असलेल्या मला ती जे बोलली, ते शब्द न् शब्द असं:

"तुला मत न्हाई दिलं म्या. दुसऱ्या कुनी सांगायच्या आत मीच सांगते. तू मेंबर व्हायच्या लायकीची तवा बी नव्हतीस, आता बी न्हाईस. पर इतकी वर्सं आमी नगं म्हनलं तरी कुनाचं काय अडत नव्हतं. आज आमी नगं म्हनलं आन् तुपलं अडलं. जा आता घरी, ऊन लागंल."